फायलीत नसलेली ओळ

पावसाळ्याचे दिवस होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याबरोबर दारात आली आणि म्हणाली, "बाई, एक अर्ज लिहून द्याल?" गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवण्यात जन्म काढल्यावर ही विनंती मला नवी नाही. गृहिणींच्या गृह आधार योजनेचे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचे, जातीच्या दाखल्याचे कितीतरी अर्ज मी सोप्यावर बसून लिहिलेत. दोघांना आत घेतलं. नवऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाइल होती आणि ती त्यानं छातीशी धरली होती. मुलगी गरोदर होती हे मला ठाऊक होतं, फुलं माळायच्या कार्यक्रमाला मी गेले होते. मूल दिसलं नाही, पण विचारायची वेळ आली नाही. तिच्या कुडत्यावर छातीशी दोन ओले डाग होते. तिनं ओढणी पुढे घेतली, तरी ते झाकले जात नव्हते. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं, आणि दूध येत होतं.

बोलला सगळं नवराच. इस्पितळानं डिस्चार्जचा एक कागद तेवढा दिला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पूर्ण फायलीची नक्कल मागायची, ती मागायचा अर्ज मी लिहायचा होता. मी लिहिला. रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख, प्रसूतीच्या खोलीतल्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांच्या पट्ट्या, शस्त्रक्रियेच्या नोंदी, भूल देणाऱ्यांच्या नोंदी, बाळाचे कागद. मग मोठ्यानं वाचून दाखवला. इतका वेळ ती खाली फरशीकडे पाहत होती. वाचून झाल्यावर तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मी त्यांना सांगितलं होतं, पोर हलत नाही म्हणून. दोनदा सांगितलं. ते त्यात लिहिलेलं असेल ना?"

असेल, असं मी म्हणाले.

नक्कल आली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णानं नोंदी मागितल्यावर ७२ तासांत त्या द्यायच्या असं स्पष्ट आहे. इथे थोडी टाळाटाळ झाली, पण पोचपावतीचा शिक्का घेतलेला असल्यामुळे शेवटी कागद मिळाले. आम्ही तिघांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले. इंग्रजी अक्षर, त्यातही डॉक्टरी अक्षर, त्यामुळे एकेका ओळीला वेळ लागत होता. रक्तदाब होता, नाडी होती, किती वाजता कुठलं इंजेक्शन, किती वाजता सलाईन बदललं, सामानाची यादी, सुईदोऱ्याचा नंबर, सगळं होतं. प्रसूतीचा आलेख म्हणून एक पान असतं, पार्टोग्राफ म्हणतात त्याला. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे साधारण चार तासांनी, बाळाचे ठोके किती, कळा किती हे अर्ध्याअर्ध्या तासानं त्यावर भरायचं असतं, म्हणजे प्रसूती रेंगाळली तर नुसतं पान बघून कळावं. ते पान पूर्ण भरलेलं होतं. सगळे ठिपके एकाच शाईचे, एकाच दाबानं काढलेले, आणि रात्रभर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके १४०, १४२, १४०. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. रोज थोडा थोडा लिहिलेला गृहपाठ आणि आदल्या रात्री एका बैठकीत उतरवलेला गृहपाठ यांतला फरक मला कळतो. तरीही ते पान नंतर भरलं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. एकच परिचारिका रात्रभर असेल, एकच पेन असेल. पण बाळाच्या ठोक्यांची यंत्रावरची पट्टी होती फक्त दोन वेळांची, एक रात्री दहाची आणि दुसरी पहाटे चारनंतरची. चारच्या पट्टीवरची रेष खाली उतरत गेलेली मलासुद्धा दिसली. त्यानंतर धावपळ, सिझेरियन, बाळानं पोटातच शी केल्यानं हिरवं झालेलं पाणी, न रडलेलं बाळ, मोठ्या इस्पितळाकडे धावलेली गाडी.

मध्यरात्रीच्या आसपास ती म्हणाली होती की पोर हलत नाही. त्याबद्दल एक शब्दही नव्हता. तिनं सगळी पानं परत परत उलटली. मग विचारलं, "मी तिथे होते ना बाई?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आमच्या घरात बाळंतपणात गेलेली एक बाई आहे. माझी थोरली काकू. गोवा मुक्त व्हायच्या आधीची गोष्ट, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मूल झालं, आणि नंतर रक्त थांबेना. आडगाव, पावसात फुगलेली नदी, होडी नाही, आणि पलीकडे गेलं तरी डॉक्टर कुठे? आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाज अजिबात हलत नसे. गावानं म्हटलं, गावाची राखण करणाऱ्या देवचाराचा कोप. सांगणं केलं, नारळ ठेवला, विषय संपला. ज्या वैजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, हातून काकू गेली तिला कुणी दोष दिला नाही, आणि आजी सांगायची की ती वैजीण पुढे दहा दिवस रोज आली. बाळाला न्हाऊमाखू घातलं, पेज करून आजीला खायला लावली, काकूनं शेवटी काय म्हटलं ते आजीला पुन्हा पुन्हा सांगत बसली. त्या काळाबद्दल मला हळहळ नाही. रक्तानं, तापानं, सुवारोगानं किती बायका गेल्या याची कुणी मोजदादही ठेवली नाही, आणि देवचाराला प्रश्न विचारता येत नाही. आज गोव्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण इस्पितळात होतं. म्हापशाचं आझिल, मडगावचं हॉस्पिसियो, बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय या नावांवर इथल्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या तरल्या आहेत. पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या बांद्या-दोडामार्गाहूनसुद्धा अडलेल्या बायका बांबोळीलाच येतात. पण त्या वैजिणीचं दहा दिवस येणं मला आठवत राहतं, कारण या मुलीकडे नंतर कुणीच आलं नव्हतं. ज्या डॉक्टरांनी नऊ महिने तिला तपासलं, जे तिला नावानं हाक मारत, ते टाके काढायच्या दिवशीसुद्धा समोर आले नाहीत. टाके परिचारिकेनं काढले. बिलाच्या खिडकीवर मात्र नेहमीप्रमाणे नाव पुकारलं गेलं.

माझी एक बालमैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. डिचोलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, आजही आठवड्यातून एकदा फोन होतो. मी फायलीचे फोटो तिला पाठवले आणि रात्री फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, कळा चालू असताना बाळाची हालचाल कमी जाणवते, हे खरं आहे. त्या सिस्टरनं 'असं होतंच' म्हटलं असेल तर ते अगदीच खोटं नव्हे. पण बाईनं तसं म्हटल्यावर कळ ओसरली की मिनिटभर कान लावून ठोके ऐकायचे, आणि लिहायचं. एक मिनिट लागतं त्याला." मी विचारलं, ऐकले असते तर बाळ वाचलं असतं? तिनं सरळ उत्तर दिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. बाळाचा प्राणवायू कधी कमी पडायला लागला हे मागाहून सांगणं फार अवघड असतं. आईच्या पोटातच, कळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी काही बिघडलेलं असू शकतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायांच्या हालचाली बिघडणं, झालेल्या मुलांतसुद्धा बहुतेकांचं कारण प्रसूतीच्या त्या तासांत सापडत नाही, हे तिनंच मला सांगितलं. मग ती स्वतःच्या रात्रींबद्दल बोलू लागली. नऊ महिने भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळामागून वार पडल्यावर ते गर्भाशय आवळलं नाही, तर समोरची हसती-बोलती बाई तासाभरात पांढरीफटक पडते. "तेव्हा माझे हात काम करत असतात आणि डोक्यात एक कोपरा बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा असतो," ती म्हणाली. "पूर्वी तो कोपरा नव्हता."

तो कोपरा कशानं आला हे तिनं न सांगताही मला ठाऊक होतं. २०२२ च्या मार्चमध्ये राजस्थानातल्या लालसोटला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं एक बाई गेली, जमाव जमला, डॉक्टर बाईंवर थेट खुनाचं कलम लागलं आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर बाईंनी आपलं जीवन संपवलं. त्या दिवशी माझी मैत्रीण फोनवर नुसती रडली होती. म्हणून जेव्हा या मुलीचा दीर म्हणाला की दोन गाड्या माणसं घेऊन जाऊ, बोर्ड फोडू, पोलिसांत खुनाची तक्रार देऊ, तेव्हा मी त्याला माझ्या सोप्यावर बसवून हेच सगळं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. रस्त्यावर काच फोडून कुणालाच काही कळत नाही, उलट ज्यांच्याकडून कळायचं ती माणसं कायमची गप्प होतात. फौजदारी वाट तशीही अरुंद आहे, आणि असावीच. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगून ठेवलंय की डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर चूक नुसती चूक असून भागत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी पोलिसांनी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायला हवं. निर्णय चुकणं आणि बेपर्वाई करणं यांत अंतर आहे. ते अंतर मला मनापासून मान्य आहे. आणि तरीही, "मी सांगितलं होतं" म्हणणाऱ्या मुलीला मी त्या अंतराचं व्याख्यान देऊ शकले नाही.

उरला ग्राहक आयोग. पोटचं मूल गेल्यावर स्वतःला 'ग्राहक' म्हणवून घेणं तिला विचित्र वाटलं, मलाही वाटलं. पण ही वाटसुद्धा फार लढून मिळालेली आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही कायद्याच्या अर्थानं सेवा आहे, हे न्यायालयानं १९९५ मध्ये, व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं ते इस्पितळ त्यातून बाहेर राहिलं, त्यांच्यासाठी दिवाणी कोर्ट. या मुलीचं बिल सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवून भरलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. म्हापशातल्या ज्या वकील बाईंकडे आम्ही गेलो त्यांनी पहिल्यांदा तारीख विचारली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार जायला हवी. दोन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण बाळंतपणातल्या इजा नेहमी पहिल्या दिवशी दिसत नाहीत. ज्या बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि जे वाचलं, ते आठव्या-नवव्या महिन्यात बसत नाही तेव्हा घरच्यांना शंका येते. मग कुणी म्हणतं मुलगे उशिरा बसतात, कुणी तेलाची मालीश सुचवतं, कुणी नवस. खात्रीनं कुणी काही सांगेपर्यंत वर्ष-दीड वर्ष उलटतं. आणि नोंदी जपून ठेवायचं बंधन इस्पितळावर तीनच वर्षं आहे.

वकील बाईंनी गोव्यातलाच एक खटला सांगितला. इथल्या सरकारी इस्पितळातली एक परिचारिका. १९९३ मध्ये मुंबईला तिच्या पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखत राहिलं. २००२ मध्ये पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत गॉजचा बोळा सापडला. तिनं २००४ मध्ये तक्रार केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं ती मुदतीबाहेरची ठरवली. ती स्वतः परिचारिका होती, इतकी वर्षं दुखत होतं तर तिनं आधीच शोध घ्यायला हवा होता, असं म्हटलं. कायद्याच्या पुस्तकात ते तर्काला धरून असेल. मी मात्र त्या बाईचा विचार करत घरी आले. रोज दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहणारी बाई स्वतःचं दुखणं किती वर्षं अंगावर काढते, हे आपल्या कुठल्याही घरात बघायला मिळेल. दुखतं असं सांगितल्यावर तिला कितीदा 'होईल बरं' असं उत्तर मिळालं असेल, ते त्या निकालात नाही.

ठोक्यांच्या पट्टीचंही तसंच. तो कागद उष्णतेनं छापणाऱ्या यंत्राचा असतो, दुकानातल्या पावतीसारखा. काळ जाईल तशी त्यावरची रेष फिकी पडते. आणि गोव्यातला पावसाळा! माझ्या लग्नातले फोटो बुरशीनं गेले, शाळेचे दाखले गेले. मी त्याच दिवशी साखळीच्या बाजारात जाऊन मूळ पट्ट्यांच्या फोटोंच्या छापील प्रती काढून घेतल्या. दुकानदार पोरगा लांबलचक पट्टी जोडून जोडून छापत होता. त्यानं विचारलं, "भूकंपाचं काही आहे का बाई?" मी नाही म्हटलं. काय आहे ते सांगितलं नाही.

सही केलेला संमतीचा कागदही त्या फायलीत आहे. पहाटे चारनंतरची वेळ, छापील इंग्रजी मजकूर, खाली तिची सही. माझ्या वर्गात ती जी सही करायला शिकली तीच, फक्त शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर गेलेलं. त्या मजकुरातलं एकही वाक्य तिला वाचता आलेलं नव्हतं, कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्या क्षणी दाखवायला वेळही नव्हता हे मी मान्य करते. पण नऊ महिन्यांत कधीतरी, एखाद्या साध्या तपासणीच्या दिवशी, तिच्या भाषेत दहा मिनिटं बोलता आलं असतं. सिझेरियन कधी करावं लागतं, ठोके कसे मोजतात, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की संमती रुग्णाची स्वतःची हवी आणि समजून दिलेली हवी. त्या प्रकरणात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढून टाकलं होतं. गोव्यात घरात कोंकणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्यासाठी देवनागरीतला एक छापील कागद करणं ही काही अवघड गोष्ट आहे का?

सगळ्यात अवघड निघालं तज्ज्ञाचं मत मिळवणं. प्रत्येक प्रकरणात ते लागतंच असं नाही, न्यायालयानं २०१० मध्ये तसं सांगितलंय. पण प्रसूतीच्या प्रकरणात, जिथे तासातासाचा हिशेब असतो, तिथे ते नसेल तर तक्रार लंगडी पडते. आणि आपला गोवा एवढासा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच. इथले निम्मेअधिक डॉक्टर त्याच वर्गांतून, त्याच वसतिगृहांतून बाहेर पडलेले. कुणी कुणाचा सीनियर, कुणी कुणाच्या मुलाचा मामा. त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे उद्या रविवारी मासळी बाजारात समोरासमोर यायचं. माझ्या मैत्रिणीनं मला फोनवर सगळं समजावलं, कुठली नोंद कुठल्या नोंदीशी जुळत नाही ते दाखवलं, प्रश्न लिहून दिले. पण सहीचं मत द्यायला नाही म्हणाली. "मी इथेच राहते गं." मी रागावले. तिच्यावर आजही माझा राग आहे. तिला फोन करणं मात्र मी थांबवलेलं नाही, कारण त्या रात्रींबद्दल ती खोटं बोललेली नव्हती. शेवटी बेळगावच्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं कागद बघायचं कबूल केलं.

रुग्णाच्या बाजूलाही हीच भीती आहे. तालुक्यात बाळंतपणाचे डॉक्टर ते किती? मुलीची सासू मला म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण झालं ते झालं. उद्या दुसरं राहिलं तर हिला न्यायचं कुठे? तेच डॉक्टर आहेत ना." तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिनं स्वतः आळिवाचे लाडू करून ठेवले होते, तेल कढवलं होतं, धुरीसाठी निखाऱ्याची शेगडी काढून ठेवली होती, आणि ते सगळं तसंच पडून होतं. तिचाही नातू गेला होता. तिला वाटत होतं, कोर्टाच्या वाऱ्यांत सून पुन्हा पुन्हा त्याच रात्रीत जाईल. हे खोटं नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मुलीला १ कोटी ३८ लाखांची भरपाई दिली. ती १९९६ साली चेन्नईच्या सरकारी इस्पितळात वेळेआधी जन्मली होती, अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो तो वेळेत कुणी तपासला नाही, आणि तिची दृष्टी गेली. निकाल लागेस्तोवर मुलगी सज्ञान झालेली होती. तिच्या आईबापांनी तितकी वर्षं त्या एका चुकलेल्या तपासणीचे कागद उचलत काढली. इतकं मागायचं का माणसांकडून?

जपानमध्ये २००९ पासून एक वेगळी व्यवस्था आहे, तिच्याबद्दल वाचल्यापासून मी सारखी तिचाच विचार करते. प्रसूतीशी संबंधित सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या कुटुंबाला, ठरलेल्या अटींत बसलं तर, कुणाची चूक होती की नव्हती हे सिद्ध न करताच भरपाई मिळते, एकूण ३ कोटी येन, मूल वाढेल तशी. पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. काय घडलं याचा तज्ज्ञांकडून छडा लावला जातो आणि त्याचा लेखी अहवाल इस्पितळाला आणि घरच्यांना, दोघांनाही मिळतो. अहवालातून बाकीचे डॉक्टरही शिकतात. आपल्याकडे काय घडलं हे कळायचं असेल तर आधी कुणाला तरी दोषी ठरवायला निघावं लागतं. तक्रार गेली रे गेली की विम्याची कंपनी आणि वकील डॉक्टरला सांगतात, एक शब्द बोलू नका. ज्या एका माणसाला त्या रात्रीबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्याचं तोंड बंद, आणि जिच्या शरीरात ती रात्र घडली तिचं म्हणणं फायलीत नाही. मधल्या जागेत दोन वकील बोलत राहतात.

डॉक्टर मंडळींत एक वाक्य नेहमी म्हटलं जातं, कागदावर नाही म्हणजे झालंच नाही. कोर्टात ते त्यांनाच भोवतं, म्हणून ते एकमेकांना बजावतात. मला त्याची दुसरी बाजू दिसते. बाई म्हणाली, कागदावर आलं नाही, म्हणजे ती म्हणालीच नाही. वर्षानुवर्षं प्रसूतीच्या खोलीत बायकांना सांगितलं गेलंय की ओरडू नका, सगळ्याच बाळंत होतात, आम्हाला शिकवू नका. त्या खोलीत नवरा नसतो, आई नसते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासातलं माणूस असू द्या असं म्हटलं आहे, पण ते सरकारी इस्पितळांपुरतं, आणि तिथेही जागा, गर्दी, पडदे नाहीत ही कारणं असतातच. या मुलीची आई दाराबाहेर बाकावर रात्रभर बसून होती. आत शेजारी बसली असती तर निदान "ती म्हणाली होती" असं सांगणारं दुसरं माणूस असतं. प्रसूतीच्या आलेखावर ठोक्यांची रांग आहे, कळांची आहे, औषधांची आहे. बाई काय म्हणाली आणि किती वाजता म्हणाली, याची एक रांग हवी. माझी मैत्रीण म्हणते, ती एक ओळ आम्हाला फासावर लटकवेल. मी म्हणते, तीच ओळ तुम्हाला वाचवेलही, कारण खाली लिहिता येईल की आम्ही मिनिटभर ऐकलं, ठोके इतके होते. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

वकील बाईंनी तक्रारीचा मसुदा करायला घेतला तेव्हा त्यांनी सहजच नवऱ्याला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. किती वाजता दाखल केलं, कोण होतं ड्युटीवर, डॉक्टर किती वाजता आले. तो बिचारा बाहेर होता, त्याला जे बाहेर कळलं ते सांगत होता. मी मध्ये बोलले, आधी हिचं ऐका. मग माझ्या घरी, सलग नव्हे, तिला झेपेल तसं, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तिच्याच शब्दांत, मराठीत, वाक्य नीट करायचा मोह आवरून. दिवा डोळ्यावर येत होता. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. रात्री अकराच्या बातम्यांचं संगीत तिनं ऐकलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा सांगितलं ते त्यानंतर, हे तिला पक्कं माहीत होतं. सिस्टर चांगली होती, तिनं पाठ चोळून दिली, हेही तिनं लिहायला लावलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सिस्टर दुसऱ्या बाईकडे होती, तिचं मूल बाहेर येत होतं. "ती एकटीच होती बाई, दोघींना." मी लिहायची थांबले. वकील बाईंना हे आवडणार नाही असं मला वाटलं, कारण त्यानं समोरच्या बाजूला सबब मिळते. ती म्हणाली, "पण तसंच झालं ना." मी लिहिलं. आणि खरं तर ते वाक्य त्या इस्पितळाविरुद्ध सगळ्यात जड आहे. रात्री दोन प्रसूतींना एक परिचारिका ठेवायची हा निर्णय त्या परिचारिकेचा नव्हता.

बेळगावहून मत आलं आहे. त्यात बाळ नक्की वाचलं असतं असं म्हटलेलं नाही. मध्यरात्री ते चार या वेळेतल्या ठोक्यांच्या नोंदी यंत्राच्या पट्टीशी ताडून बघता येत नाहीत, आणि आईनं हालचाल कमी झाल्याचं सांगितलं असेल तर पट्टी पुन्हा लावायला हवी होती, असं लिहिलं आहे. "सांगितलं असेल तर." त्यासाठी आता तिचं निवेदन शपथपत्रावर जोडलं आहे, मूळ मराठी आणि सोबत इंग्रजी भाषांतर. मसुद्यात तक्रारदार क्रमांक १ म्हणून नवऱ्याचं नाव होतं आणि क्रमांक २ म्हणून तिचं. तिनं ते बदलून घेतलं. नवरा काही बोलला नाही, पेन उचलून दुसऱ्या जागी सही केली. सासू अजून नाराज आहे, पण तारखेला गाडी मिळेल का हे तिनंच जावयाला विचारून ठेवलंय. तक्रार दाखल करून घेतली गेली की समोरच्या पक्षाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आयोगानं मुभा दिली तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. त्या उत्तरात तरी त्यांना मध्यरात्रीबद्दल काहीतरी लिहावंच लागेल.